धोट्यांची टोपली

अण्णा, तू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. जेवायला बसलो की उठतो, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. बायको म्हणते, "तुमच्या पायाला भिंगरी लागली हाय का?" तुझा दहावा परवा आहे, आणि गेलेल्या माणसाबद्दल निदान तोवर तरी चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही. आपलं भांडण अर्ध्यावर होतं आणि तू मध्येच उठून गेलास. भांडायला आता तुझ्यासारखा दुसरा माणूस मी कुठून आणू?

आज सकाळी विणाईखात्याच्या मास्तरांनी तुझा पाना माझ्या हातात दिला. "शिवराम, आता या खात्याचा हेड जॉबर तू," एवढंच म्हणाले आणि गेले. माग बिघडला तर नीट करायचा आणि माणूस बिघडला तर तोही नीट करायचा, हे जॉबरचं काम. पण गिरणी पाना देते तो फक्त पहिल्या कामाला, असं तू म्हणायचास. पान्याच्या मुठीला तू गुंडाळलेलं सूत तसंच आहे, तेलानं काळं पडलेलं. माझ्या हाताला ती मूठ जाड होते. सोडून टाकावं म्हणून एक टोक ओढलं, मग पुन्हा गुंडाळून ठेवलं.

आणि दुपारी खात्यात एक गोष्ट झाली. ती तुला सांगायलाच हे सगळं लिहायला घेतलंय. पण ती मी आधी सांगणार नाही. सुताला आधी खळ लावावी आणि मग ते मागावर चढवावं, हे तूच जन्मभर माझ्या डोक्यावर आदळत आलास ना? मग आता तूही थांब जरा.

मी सांगोल्याकडचा. दुष्काळात मेंढरं गेली, आणि सातवी पास आहोत तर कुठंतरी कारकुनी मिळेल, म्हणून मी सोलापूर गाठलं. गिरणीच्या फाटकापाशी उभा होतो. तू बाहेर आलास, तोंडात पान, डोक्याला रुमाल, खांद्यावर कापसाचा भुगा. माझ्या धोतराकडे बघून म्हणालास, "मेंढरं राखलास काय रे?"

"व्हय."

"कळपातलं एक मेंढरू कमी पडलं तर लांबनं कळतं?"

"कळतं की."

"मग चल. हजार सुतातलं एक तुटलं तर ते पण कळंल तुला."

अशी माझी कारकुनी झाली. तेव्हापासून तू मला मेंढरवाल्या म्हणायला लागलास, ते मी जॉबर झालो, पोराबाळांचा बाप झालो, तरी सोडलं नाहीस. मीही तुला मल्लय्या कधी म्हटलं नाही. तुझ्या तेलुगू गल्लीत तुला सगळे ज्या नावानं हाक मारत, ते मला म्हणता यायचं नाही म्हणून मी नुसतं अण्णा म्हणायला लागलो, आणि मग सगळ्या खात्याचाच तू अण्णा झालास.

पहिल्या दिवशी तू मला धोटा भरायला शिकवलंस. कुणी गिरणीचं तोंड पाहिलं नसेल तर त्याला हे सांगूनही खरं वाटणार नाही. धोटा मागावर इकडून तिकडे धावतो, त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची, आणि धोट्याच्या कडेला जे बारीक भोक असतं त्याला तोंड लावून सूत ओढून बाहेर काढायचं. एका दमात. दिवसभर, कांडी संपेल तेव्हा. मी पहिल्यांदा ओढलं तेव्हा सूत, खळ, तेल आणि माझ्या आधीच्या माणसाची तंबाखू असं सगळं एकदम घशात गेलं आणि मी तिथंच वाकलो. तू माझ्या पाठीवर थापटत हसत होतास. "गिळायचं न्हाय रे, मेंढरवाल्या. सूत ओढायचं, कापूस थुंकायचा. गिळायला हे काय तुज्या आयचं ताक हाय का?"

त्या खात्यात कोण नव्हतं? तुझे तेलुगू लोक होते, अक्कलकोटकडचे लिंगायत होते, कोष्टी होते, याकूबभाई आणि त्याचे भाऊबंद होते, आणि मी धनगर. पाळी बदलली की एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. घरी एकमेकांच्या हातचं पाणी प्यायला सतरा विचार करणारी माणसं गिरणीत एकाच भोकाला तोंड लावत होती आणि संध्याकाळी चूळ भरली की ज्याची त्याची जात त्याला परत मिळत होती. याची आपण किती टिंगल केली असेल! पण एक गोष्ट टिंगलीतली नव्हती. महारवाड्यातल्या माणसाला आपल्या खात्यात माग मिळत नव्हता. सूतखात्यात चाले, कापूस पिंजायला चाले; तिथली यंत्रं तोंड मागत नव्हती. आपल्याकडे धोटा होता. धोट्याला त्याचं तोंड लागलं तर पुढच्या पाळीचा माणूस काय करणार, एवढं म्हटलं की विषय संपायचा. कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर निदान खोडता आलं असतं.

गोविंदा सूतखात्यात होता. त्याचा बाप गावाकडे जाडंभरडं कापड विणायचा, गोविंदा लहानपणापासून मागावर बसलेला. पगाराच्या दिवशी तो फाटकापाशी तुझी वाट बघत उभा राहायचा, चार हात लांब, आणि दर वेळी तेच म्हणायचा, "अण्णा, एक माग द्या की." तू मान हलवायचास. हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यालाही कळत नसे आणि मलाही.

इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला ते साल मागं पडलं, गिरणी पुन्हा नीट सुरू झाली, आणि आपल्या खात्यात विणकर कमी पडायला लागले. मास्तरांनी तुला बोलावलं. सूतखात्यात विणकाम येणारी माणसं असताना बाहेरून कशाला आणायची, असं मालकांचं म्हणणं होतं. "माणसं बिथरता कामा नयेत. तू बघ," असं म्हणून मास्तरांनी ते लोढणं तुझ्या गळ्यात बांधलं.

त्या संध्याकाळी आपण सिद्धेश्वराच्या तळ्याच्या कट्ट्यावर बसलो होतो. तू शेंगा सोलून मला देत होतास, स्वतः एकही खात नव्हतास. मी म्हणालो, "उद्या सकाळी सगळ्यांना एकत्र बोलाव आणि सरळ सांग. गोविंदा येणार. ज्याला चालत नसंल त्यानं घरी जावं."

"आणि समदेच गेले तर?"

"जातील कुटं? पोट हाय की त्यांना."

"पोटाची भीती घालून आणलेला माणूस काम करतो रे, पण शेजाऱ्याला सुखानं जगू देत न्हाय." मग तू ती तुझी खळ काढलीस. "कोरं सूत मागावर चढवलं तर पहिल्याच ठोक्याला तुटतंय. आदी खळ दे, वाळू दे, मग चढव. माणसाला पण खळ लागती."

"आणि खळीत काय घालणार तू?"

तू हसलास. तुझा बेत तेव्हाच ठरलेला होता. थोड्या दिवसांनी तू खात्यात तारेचे छोटे आकडे आणलेस. धोट्याच्या भोकातून आकडा आत घालायचा, सूत अडकवायचं आणि बाहेर ओढायचं, तोंड लावायचंच नाही. तू गोविंदाचं नाव काढलं नाहीस. तू सगळ्यांना छातीचं सांगितलंस. जुने विणकर कसे खोकून खोकून गेले, त्यांचे पुढचे दात कसे पडले, पोटात किती कापूस जातो. ते खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही मान्य होतं. पण खरं तेवढंच नव्हतं.

टिप्पण्णा सगळ्यात आधी उखडला. अक्कलकोटकडचा, खात्यातला सगळ्यात जलद हात त्याचा. "हे काय बायकांचं शिवणटिपण हाय का, अण्णा? आकड्यानं ओढत बसलो तर कापड कवा निघायचं?" त्याचंही खरं होतं, कापड जितकं निघेल तितका पगार, आणि आकड्याला तोंडापेक्षा उशीर लागत होता. तू हुकूम केला नाहीस. तू टिप्पण्णाच्या शेजारचा माग स्वतः चालवायला घेतलास, आकड्यानं. पहिले काही दिवस त्यानं तुला मागं टाकलं आणि सगळं खातं तुला हसलं. तू पण हसलास. मग तुझा हात बसला. एका दुपारी त्याची आणि तुझी कांडी एकदम संपली आणि तुझा माग आधी सुरू झाला, तेव्हा टिप्पण्णानं नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याही गळ्यात दोरीला बांधलेला आकडा होता. अण्णा, माणसं वळवावी ती तूच. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू वर मलाच पान लावून द्यायला सांगितलं असतंस.

मग गोविंदा आला.

धुतलेला सदरा घालून आला होता. तू त्याला टिप्पण्णाच्या शेजारचा, तू स्वतः चालवलेला तोच माग दिलास. खात्यात कुजबूज सुरू झाली, आणि मग टिप्पण्णा मोठ्यानं म्हणाला, "आसं व्हय! म्हणून आकडा! अण्णा, छातीचं नाव सांगून आमाला बकरा केलास की!"

"छातीसाठीच आणला," तू म्हणालास. "छाती तुजी वाचली, माग गोविंदाला मिळाला. एका दगडात दोन आंबे पडले तर तुजं काय गेलं?"

काही माणसं हसली. माग सुरू झाले. पण टिप्पण्णा गोविंदाशी बोलेना. शेजारी उभे राहून काम करायचं आणि एकमेकांकडे बघायचं नाही, हे त्या अरुंद वाटेत कसं जमतं ते त्यांनाच ठाऊक. मी तुला म्हणालो, बघ, खळ बसली नाही. तू म्हणालास, वाळू दे.

वाळायच्या आधीच ते झालं. विणकराची एक रीत आहे, ती कुणी शिकवत नाही. शेजाऱ्याचा माग उभा दिसला आणि शेजारी जागेवर नसला, तर हात आपोआप तिकडं जातो. कांडी बदलायची, माग सुरू करून द्यायचा. उभा माग विणकराला बघवत नाही. टिप्पण्णा पाणी प्यायला गेला होता आणि त्याचा माग कांडी संपून थांबला. गोविंदानं पाहिलं. त्याचा आकडा त्याच्या स्वतःच्या मागावर लटकत होता. घाईत त्यानं टिप्पण्णाचा धोटा उचलला, कांडी घातली, आणि बापाच्या मागावर लहानपणी करायचा तसं तोंड लावून सूत ओढलं. माग सुरू केला आणि वळला, तर समोर टिप्पण्णा.

टिप्पण्णा काय काय बोलला ते मी लिहीत नाही. एक माग बंद झाला, मग दुसरा, मग सगळी ओळ, मग समोरची. अण्णा, इतक्या वर्षांत आपण त्या खात्यात एकमेकांशी कानात ओरडून बोललो. त्या दिवशी इतकं गप्प झालं की गोविंदाचा श्वास मला ऐकू येत होता. कुणीतरी म्हणालं, त्याला बाहेर काढा, नाहीतर आम्ही निघतो. सगळे तुझ्याकडे बघत होते.

तू तो धोटा उचललास. मी तुझ्या अगदी जवळ उभा होतो. मी म्हणालो, "अण्णा, तोंडाला लाव. सगळ्यांच्या देखत लाव." तू ऐकलंस. माझ्याकडे बघितलंस पण. क्षणभर मला वाटलं, आता हा लावणार.

तू कोपऱ्यातली कांड्यांची टोपली ओढलीस आणि धोटा तिच्यात टाकलास. मग पुढच्या मागाचा धोटा काढलास, टाकलास. मग त्याच्या पुढचा. कुणाला काही कळायच्या आत तू ती ओळ आणि समोरची ओळ फिरलास, सगळे धोटे टोपलीत, आणि मग दोन्ही हातांनी टोपली घुसळलीस. "आता सांगा, गोविंदानं तोंड लावलेला कंचा?"

तू टोपली वाटेच्या मधोमध सरकवलीस.

"मला पण ठाऊक न्हाय. तवा ज्याला तोंडानं सूत ओढायचं हाय त्यानं खुशाल ओढावं. न्हायतर गळ्यात आकडा हाय."

आधी याकूबभाई हसला. मग पलीकडे कुणीतरी हसलं. माणसं एकेक येऊन धोटा घेऊन गेली, दोन बोटांनी धरून. त्या दिवसापासून त्या ओळींत आकड्याशिवाय कुणी धोटा भरला नाही. तुझा आकडाही टिकला आणि गोविंदाचा मागही. मास्तर खूश झाले. मी मात्र महिनाभर मरत होतो, कारण प्रत्येक धोटा ज्याच्या त्याच्या मागाला घासून बसलेला असतो, आणि तू ते सगळे मिसळून ठेवले होतेस. रोज कुठला तरी धोटा मागावरून उडायचा आणि कुणाच्या तरी कानाजवळून जायचा. एक तर मास्तरांच्या टोपीला लागला. त्यावर तू काय म्हणालास आठवतंय? "टोपीलाच लागला न्हवं? मग कापडाचं कापडाला लागलं." अशा वेळी तुझ्यावर रागावायचं तरी कसं?

पण मी रागावलो होतो. अजून आहे. कारण सगळे हसत असताना मी गोविंदाकडे बघत होतो. तो मागाला टेकून, खाली मान घालून उभा होता. सुट्टी झाल्यावर मी त्याच्याबरोबर चाललो. म्हणालो, "गोविंदा, सुटलास बाबा." तो फाटकापर्यंत चालत राहिला. मग म्हणाला, "व्हय, जागा राहिली. अण्णाचे उपकार हायती. पण माज्याच तोंडाचं भ्या घालून माजी जागा राखली की, शिवरामदादा."

हे मी तुला त्याच दिवशी येऊन सांगितलं. तू हात धूत होतास. तू ते धूतच राहिलास. मी विचारलं, "धोटा तोंडाला का न्हाय लावलास?"

"लावला असता तर मी मोठा झालो असतो. महिनाभर सगळ्यांनी माजंच नाव घेतलं असतं. मग जातीनं मला बाहेर टाकलं असतं, पोरीचं लगीन मोडलं असतं, मी खचलो असतो. माज्या जागी दुसरा जॉबर आला असता. त्यानं पहिल्या दिवशी कुणाला काढलं असतं?"

"सरळ सांग, भ्यालास."

"व्हय," तू म्हणालास. "भ्यालो. भ्यालेल्या माणसानं माणसं सांभाळू न्हायत असं कुटं लिवलंय?"

मी चिडून निघून गेलो. तिथून पुढं तेच भांडण आपण किती प्रकारांनी केलं. मी म्हणायचो, तू माणसांची सवय बदललीस, मन बदललं नाहीस. तू म्हणायचास, मन घरात असतं, गिरणीत हातच येतो, आणि हात बदलला की मन एक दिवस मागनं चालत येतं. मी म्हणायचो, नाही आलं तर? तू म्हणायचास, "मेंढरवाल्या, कळपाच्या पुढं पळून कळप हाकतात व्हय रे?" मला राग यायचा तो याच वाक्याचा, कारण मेंढरं मी राखली होती आणि उदाहरण तू देत होतास.

मग तुझा खोकला वाढला. दुसऱ्यांच्या छातीसाठी तू जे सांगितलंस ते तुझ्या छातीत आधीच होऊन बसलेलं होतं. आकडा तुझ्यासाठी उशिरा आला. तू गिरणी सोडून घरी बसलास. आतल्या खोलीत तुझ्या भावाचा हातमाग चालू असायचा आणि त्याचा ठोका चुकला की तू पडल्यापडल्या ओरडायचास. मी येत होतो, बसत होतो. पण आपण खऱ्या गोष्टीवर बोललोच नाही. नवा पट्टा किती घसरतो, खळ यंदा पातळ येते, यावर बोललो. मला सांगायचं होतं की या शहरात मला माणसात तू आणलंस. ते सांगायला बसलो की तुला खोकला यायचा. खरं तर मलाच यायचा.

शेवटच्या वेळी तू एकच गोष्ट विचारलीस. बोलायचा दम नव्हता तुला, म्हणून एकेक शब्द सुटा. "टिप्पण्णा... बोलतो का... गोविंदाशी?"

मी म्हणालो, "न्हाय."

खोटं बोललो असतो तर तू ओळखलं असतंस. आणि तुझ्याशी मी सरळच बोलत आलो. तू डोळे मिटून घेतलेस, भिंतीकडे वळलास आणि हात वर करून जा म्हणालास. पहाटे निरोप आला. टिप्पण्णानं तुला खांदा दिला, अण्णा. गोविंदा सगळ्यांच्या मागून चालत होता, चार हात लांब, फाटकापाशी उभा राहायचा तसा. ती वाट चालताना माझ्या कानात माझाच 'न्हाय' वाजत होता, आणि अजून वाजतोय. म्हणून मला बसवत नाही.

आता दुपारचं ऐक.

मी तुझा पाना घेऊन त्या ओळीतून चाललो होतो. गोविंदा त्याच्या तांब्यातून पाणी प्यायला खात्याच्या टोकाला गेला होता. त्याचा माग कांडी संपून थांबला. टिप्पण्णा शेजारी. मी लांबून बघत होतो, म्हटलं, आता मीच जाऊन सुरू करतो. टिप्पण्णानं उभा माग पाहिला. त्याचा हात गेला. गोविंदाचा धोटा उचलला, रिकामी कांडी काढली, भरलेली घातली, गळ्यातला आकडा चाचपला. दोरी तुटली होती, आकडा गळ्यात नव्हता. आणि त्यानं धोटा तोंडाला लावला आणि सूत ओढलं. एका दमात, जुन्या हातानं. माग सुरू केला.

मग त्याला कळलं. तो तसाच थबकला, खालच्या ओठाला सुताचा एक धागा चिकटलेला. समोरची ओळ बघत होती. याकूबभाई बघत होता. वाटेच्या टोकाला गोविंदा तांब्या हातात घेऊन उभा होता. माझ्या हातात तुझा पाना होता आणि मला काय करावं ते सुचेना. टोपली ओढू? काही बोलू? तू असतास तर काय केलं असतंस, हे मला त्या क्षणी खरंच आठवेना.

टिप्पण्णाच्या तोंडात कापूस आला असणार. तो सगळ्यांच्याच येतो, आणि आपण सगळेच थुंकतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. टिप्पण्णानं गोविंदाकडे बघितलं, आणि गिळला. मी पाहिलं, अण्णा, त्याच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली. मग मनगटानं ओठ पुसून तो मागांच्या आवाजावरून ओरडला, "गोविंदा, तुजी कांडी लई सैल भरलीया रे. बदलून घे." आणि आपल्या मागाकडे वळला.

कुणाचाही माग थांबला नाही.

सुट्टीचा भोंगा झाला आणि मी निघालो. कुठं निघालो हे मला विचारावं लागलं नाही, पाय आपोआप तुझ्या गल्लीकडे वळले. काय काय सांगायचं ते मी वाटेत जुळवत होतो. तू म्हणशील, बघ, हात आधी, मन मागनं. मी म्हणेन, उलट, आकड्याची दोरी तुटली तेव्हा ते झालं. तुझा आकडा मध्ये होता तोवर झालं नाही. मग तू चिडशील. मी मनातल्या मनात हसत होतो. तुझ्या कोपऱ्यावर आलो, हातमागाचा ठोका ऐकू आला, आणि पायरीवर वहिनी एकट्या बसलेल्या दिसल्या. तेव्हा मला आठवलं.

"आता कुटं आलाव, भावजी?" त्या म्हणाल्या.

मला मागं फिरता येईना. मी तिथंच उभ्या उभ्या त्यांना सगळं सांगितलं, तुला सांगणार होतो तसं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "थुंकला न्हाय?"

"न्हाय."

"कापूस पण न्हाय?"

"गिळला, वहिनी. मी बघितलं."

त्या उठल्या आणि आत गेल्या. तू जिथं पडून असायचास तिथं दिवा ठेवलाय, त्याच्यासमोर बसल्या आणि बोलायला लागल्या. तेलुगूत, हळूहळू, कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं. तुझी भाषा मला इतक्या वर्षांत चार शिव्यांपलीकडे आली नाही. पण टिप्पण्णाचं नाव कळलं, गोविंदाचं कळलं. मधे एकदा माझंही नाव आलं. तुझ्या भावानं माग थांबवला होता.

मी पायरीवर बसलो. त्यांचं सांगून होईपर्यंत तिथंच बसून राहिलो.